दोन हत्ती आणि प्याद्याचे एक पाऊल

(द्वितीय वर्ष, कला)

बुद्धिबळ हा राजेरजवाड्यांचा खेळ, असे आपण वाचत आलो आहोत. मी तो शिकलो आमच्या गावच्या न्हाव्याच्या दुकानातल्या बाकड्यावर. पट पुठ्ठ्याचा होता आणि हरवलेल्या एका हत्तीच्या जागी सोड्याच्या बाटलीचे बूच ठेवलेले असे. त्या बुचालाही हत्तीचाच मान होता. तेव्हा बुद्धिबळावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच. मी काही मोठा खेळाडू नाही. जिमखान्याच्या स्पर्धेत गेल्या वर्षी दुसऱ्याच फेरीत बाद झालो, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. पण यंदा एका कोड्याने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही, आणि त्या कोड्यातून माझे एक मत बनले. ते पुष्कळांना रुचणार नाही. तरीही ते आपल्या वार्षिकात मांडावे असे वाटते.

जिमखान्याच्या दाराशी जो काळा फळा आहे, त्यावर दर सोमवारी बुद्धिबळाचे एक कोडे मांडले जाते. इतिहासाच्या सरांचा हा उपक्रम. जुलैतल्या एका सोमवारी त्यांनी फळ्यावर पट काढला आणि खाली लिहिले, 'पांढऱ्याने खेळावे आणि पाच खेळ्यांत मात करावी.' त्याखाली एकच शब्द होता : 'दिलाराम'.

ज्यांना पटाची ओळख आहे त्यांच्यासाठी मांडणी सांगतो. (ज्यांना नाही त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल, मुद्दा पुढे येईलच.) उभ्या पट्ट्यांना डावीकडून ए ते एच अशी नावे द्या आणि आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. काळ्याचा राजा जी ८ या घरात. पांढऱ्याची दोन प्यादी त्याच्या अगदी दाराशी येऊन ठेपलेली, एक एफ ६ वर आणि दुसरे जी ६ वर. पांढरा घोडा जी ४ वर, उंट एच ३ वर, आणि दोन्ही हत्ती शेवटच्या उभ्या पट्टीत, एक एच ४ वर व दुसरा एच १ वर, उंटाच्या पाठीमागे. एवढे सैन्य असूनही पांढऱ्याची अवस्था वाईट आहे. त्याचा राजा कोंडीत सापडला आहे. काळ्याला एक मोकळी खेळी मिळाली की पांढऱ्याला मात. म्हणजे पांढऱ्याने जे काही करायचे ते प्रत्येक खेळीला शह देत देत केले पाहिजे. एकदा श्वास घ्यायला थांबला की संपला.

आम्ही चौघे मित्र चार दिवस त्या फळ्यापुढे उभे होतो. घोड्याने लगेच शह दिला तर काळा राजा एफ ८ किंवा एच ८ ला निसटतो. हत्तीने शह दिला तर हत्ती फुकट मरतो. उंट तर हलतच नाही, कारण त्याच्या तिरप्या वाटेवर आपलाच घोडा उभा! एका मित्राने हे कोडे मोबाइलमधल्या यंत्राला घातले, तर यंत्राचाही गोंधळ उडाला. गुरुवारी आम्ही सरांपुढे हात टेकले. सर हसले आणि म्हणाले, "अरे, तुम्ही उंट आजचा धरलात. हा उंट हजार वर्षांपूर्वीचा आहे."

तेव्हा कळले की आज आपण खेळतो ते नियम फार जुने नाहीत. वजीर आणि उंट यांना आजची लांब चाल मिळाली ती युरोपात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. त्यापूर्वी अरब आणि इराणी लोक जो शतरंज खेळत त्यात वजीर तिरपे एकच घर चाले. उंट तिरपा दोन घरे उडी मारी, आणि मधल्या घरात कोणी असले तरी त्यावरून उडून जाई. साऱ्या पटावरच्या चौसष्ट घरांपैकी अवघ्या आठ घरांशी त्याचा संबंध येई. असा तो उंट दुबळा आणि वजीरही दुबळा. त्या काळी पटावरचा सर्वांत बलवान मोहरा होता हत्ती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण या कोड्यात दोन्ही हत्ती द्यावे लागतात.

अशा रचलेल्या कोड्यांना अरबी-फारसीत जो शब्द होता तोच आपल्या मराठीत येऊन राहिला आहे : मनसुबा. आपण सहज म्हणतो, 'त्याचा मनसुबा काही कळत नाही.' मुळात मनसुबा म्हणजे पटावर मांडलेला बेत. शह, मात, प्यादे, वजीर हे शब्द तर आपण राजकारणाच्या बातम्यांतही रोज वाचतो. पण मनसुबाही त्याच पटावरून उठून आला, हे मला या निमित्ताने कळले.

दिलारामच्या मनसुब्याची एक दंतकथा आहे. बुद्धिबळाचा इतिहास लिहिणारे इंग्रज पंडित एच. जे. आर. मरे यांनी १९१३ सालच्या आपल्या ग्रंथात या कोड्याची दखल घेतली आहे. कथा अशी : एक सरदार पैजेने बुद्धिबळ खेळत होता. खेळता खेळता सारी दौलत हरला आणि शेवटी त्याने आपली लाडकी बायको दिलाराम पणाला लावली. हाही डाव हातचा जाऊ लागला. दिलाराम पडद्याआडून पाहत होती. तिला पटावरची वाट दिसली आणि ती ओरडली, की तुमचे दोन्ही हत्ती द्या, पण मला वाचवा. सरदाराने ऐकले आणि डाव जिंकला.

आता ती वाट पाहू. पहिला हत्ती थेट एच ८ वर जाऊन शह देतो. काळ्या राजाला दुसरीकडे जायला जागा नाही. दोन प्याद्यांनी एफ ७, जी ७ आणि एच ७ ही तिन्ही घरे धरून ठेवली आहेत. त्याला हत्ती मारावाच लागतो. राजा कोपऱ्यात, एच ८ वर आला. आता उंट घोड्यावरून उडी मारून एच ३ वरून एफ ५ वर जातो. उंट हलताच मागच्या हत्तीची उभी पट्टी खुली होते आणि राजाला शह बसतो. राजा पुन्हा जी ८ वर. (काळ्याने आपला हत्ती मध्ये घातला तर तो मारून पुन्हा शह, एक खेळी वाढते, निकाल बदलत नाही.) मग दुसरा हत्तीही त्याच एच ८ वर जाऊन शह देतो. राजाला तोही मारावा लागतो. राजा पुन्हा कोपऱ्यात. आता जी ६ वरचे प्यादे एक घर पुढे, जी ७ वर, सरकते आणि शह देते. मागचे प्यादे त्याला जोर देऊन आहे, एच ७ वर उंटाची नजर आहे. राजा परत जी ८ वर. आणि शेवटी घोडा एच ६ वर येऊन शह देतो. एफ ८ आणि एच ८ पुढच्या प्याद्याने धरलेले, एफ ७ घोड्याने, एच ७ उंटाने. मात!

सोमवारी सरांनी हे उत्तर फळ्यावर लिहिले तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण खोलीवर आल्यावर मी पुन्हा पट मांडला आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारला : या दोन हत्तींनी नेमके काय मिळवून दिले?

उत्तर पाहिले तर थक्क व्हायला होते. शेवटच्या चित्रात हत्ती कोठेच नाहीत. मात करतात ते पटावरचे लहान लोक : दोन प्यादी, एक घोडा आणि आठच घरांचा तो दुबळा उंट. पहिल्या हत्तीने राजाला कोपऱ्यात ओढले नसते, तर उंटाची उडी म्हणजे एक मोकळी, बिनशहाची खेळी झाली असती, आणि तेवढ्यात काळ्याने पांढऱ्याचा निकाल लावला असता. दुसऱ्या हत्तीने राजाला पुन्हा त्याच कोपऱ्यात ओढले नसते, तर प्याद्याचे पाऊलही असेच फुकट गेले असते. म्हणजे हिशेब असा झाला : एक हत्ती देऊन उंटाची एक उडी विकत घेतली, दुसरा हत्ती देऊन प्याद्याचे एक पाऊल विकत घेतले. पटावरचा सर्वांत बलवान मोहरा गेला तो एका प्याद्याला एक घर पुढे सरकायला वेळ मिळावा म्हणून.

हे प्यादे माझ्या ओळखीचे होते. पण त्याकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे.

रुडॉल्फ स्पीलमन नावाचा ऑस्ट्रियाचा एक नामांकित खेळाडू होऊन गेला. बुद्धिबळातल्या बलिदानावर त्याने १९३५ साली एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने बलिदानाचे दोन प्रकार केले : एक दिखाऊ आणि एक खरे. ज्यात दिलेल्या मोहऱ्याचा मोबदला मोजक्या खेळ्यांत नक्की परत मिळतो, किंवा मात होते, आणि खेळणाऱ्याला ते आधीच दिसत असते, ते दिखाऊ. त्याला बलिदान म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. खरे तर ती रोकडी देवघेव. खरे बलिदान ते, ज्यात दिलेले परत येईल की नाही हे मोजताच येत नाही. खेळाडू केवळ आपल्या अंदाजावर आणि छातीवर ते करतो.

या कसोटीवर दिलारामचे दोन हत्ती दिखाऊ बलिदानात जातात. शेवटपर्यंतची प्रत्येक खेळी सक्तीची आहे. हिशेब पाच खेळ्यांत चुकता होतो. किंबहुना छापलेल्या प्रत्येक कोड्यातले बलिदान दिखाऊच असते, कारण खाली लिहिलेले असते, 'पाच खेळ्यांत मात'. उत्तर आहे, हे आपल्याला आधीच माहीत असते. फक्त शोधायचे असते.

खऱ्या बलिदानाचे उदाहरण हवे असेल तर १९६० सालचा मॉस्कोतला विश्वविजेतेपदाचा सामना पाहावा. विश्वविजेता मिखाइल बोटविनिक विरुद्ध तेवीस वर्षांचा मिखाइल ताल. सहाव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या तालने एकविसाव्या खेळीला आपला घोडा एफ ४ या घरात देऊन टाकला. प्रेक्षकांत एवढा गलका उठला की पुढचा डाव बंद खोलीत हलवावा लागला. ताल तो डाव जिंकला आणि पुढे विश्वविजेताही झाला. परंतु नंतरच्या विश्लेषणात दिसून आले की पांढऱ्याला त्याहून चांगला बचाव उपलब्ध होता. तालच्या पटाखाली 'इतक्या खेळ्यांत मात' असे कोणी लिहिलेले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, परतीच्या सामन्यात बोटविनिकने विजेतेपद परत घेतले.

आता माझ्या मताकडे येतो.

आपल्या महाविद्यालयात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार होतो. आमच्यासारखे, ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही असे विद्यार्थी व्यासपीठावर बोलावले जातात आणि पाहुणे म्हणतात, "यांनी आपल्या कुटुंबाच्या त्यागाचे चीज केले." मागच्या वर्षी मीही त्या रांगेत होतो. टाळ्या पडल्या, मला बरे वाटले. यंदा दिलारामचे कोडे सुटल्यापासून मात्र हे वाक्य आठवले की अंगावर काटा येतो. माझे मत असे आहे की हे वाक्य आपण बंद केले पाहिजे.

का, ते सांगतो. आमचे घर ऊसतोडीचे. नवराबायको मिळून आमच्याकडे एक 'कोयता' मोजतात. माणसांना कोयता म्हणतात, हे शहरातल्या मित्रांना विचित्र वाटेल. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर जाऊन ती उन्हाळ्यापर्यंत अंगमेहनतीने फेडायची. ज्या वर्षी मी सहावीत होतो त्या वर्षी आजीच्या दुखण्यापायी उचल मोठी घ्यावी लागली. धाकटा भाऊ तेव्हा दहा महिन्यांचा होता. कोपीवर त्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला कोणीतरी हवे होते. अक्का तेव्हा आठवीत होती आणि गणितात वर्गात पहिली. एकोणतीसचा पाढा मला तिने शिकवला. ती फडावर गेली, मी आजीजवळ राहिलो आणि शाळेत गेलो. अक्का परत आली ती वार्षिक परीक्षा होऊन गेल्यावर. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावर नव्हते. शाळेच्या पटाला आणि बुद्धिबळाच्या पटाला मराठीत एकच शब्द आहे, हे माझ्या आताच ध्यानात आले.

याला त्याग म्हणता येईल का? त्याग करणारा स्वतः देतो. अक्काला कोणी विचारलेच नव्हते. हत्ती स्वतः होऊन एच ८ वर जात नाही. त्याला तिथे ठेवतात.

माझे म्हणणे ऐकून एक मित्र चिडला. तो म्हणाला, "म्हणजे तू स्वतःच्या बापाला दोष देतोस?" नाही. नानांना मी दोष देत नाही. राजाला शह बसला की त्याच्यापुढे तीनच मार्ग असतात : जागा सोडणे, शह देणाऱ्याला मारणे, किंवा कोणाला तरी मध्ये घालणे. नाना जन्मभर शहाखालीच खेळत आले आहेत. मुकादमाला मारता येत नाही आणि गाव सोडून जाणार कोठे? मग उरतो तिसरा मार्ग. अक्का मध्ये घातली गेली. जो शहाखाली आहे त्याची खेळी आपण व्यासपीठावरच्या गादीवरून जोखू नये. पण याच कारणासाठी तिला 'त्याग' असे गोंडस नावही देऊ नये. सक्तीच्या खेळीला त्याग म्हटले की शह देणारा नजरेआड होतो. मग कोणी विचारत नाही की या राजाला एवढे शह बसतात तरी का.

माझा दुसरा आक्षेप 'चीज झाले' या शब्दांना आहे. चीज झाले म्हणजे हिशेब चुकता झाला, कोडे सुटले. कोठे सुटले? मी द्वितीय वर्षाला आहे. प्यादे एक घर पुढे सरकले आहे, इतकेच. उद्या मला नोकरी लागेल की मीही पदवीची गुंडाळी कोपीच्या छपरात खोचून उसाच्या सरीत उभा राहीन, हे आज कोणी सांगू शकत नाही. घरच्यांनी जे माझ्यासाठी घातले ते स्पीलमनच्या दुसऱ्या प्रकारातले आहे; त्याखाली उत्तर छापलेले नाही. आणि समजा, मला उत्तम नोकरी लागली, तरी अक्काची आठवी काही त्यातून परत येत नाही. एकाचे झालेले भले हे दुसऱ्याच्या नुकसानीची पावती नव्हे.

तिसरा आक्षेप दिलारामच्या कथेवरच आहे. कथा सांगणारे सगळे त्या दोन हत्तींचे कौतुक करतात. पण त्या डावात खरोखर पणाला काय होते? एक जिवंत बाई. हत्ती लाकडाचे होते, पुढच्या डावात ते पुन्हा पटावर आलेच असते. आणि ज्या वाटेचा पत्ता समोर बसलेल्या सरदाराला लागला नाही ती वाट पडद्याआड बसलेल्या बाईला दिसली. याचा अर्थ ती खेळात त्याच्याहून हुशार होती. मग पटावर ती का बसली नव्हती? तिला खेळायचा अधिकार नाही, पणाला लागायचा मात्र आहे! आपल्या महाभारतात द्यूतसभेत द्रौपदीने नेमका असाच कायद्याचा प्रश्न विचारला होता, की धर्मराज आधी स्वतःला हरले की आधी मला? जो स्वतःला हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्मांसारख्यांनाही त्याचे सरळ उत्तर देता आले नाही. जो पणाला लागतो त्याला डाव सर्वांत स्पष्ट दिसतो, असे मला वाटते. कारण त्याला नजर दुसरीकडे वळवायची चैन परवडत नाही.

पडद्याआडच्यांना पटासमोर बसवले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. मुंबईच्या वासंती खाडिलकर १९७४ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रीय विजेत्या झाल्या. त्यांची बहीण रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. माझे आजचे वय तेच. अक्का पटावर बसली असती तर ती कोणी दिव्या झाली असती असे मी म्हणत नाही. पण दहावी तरी नक्की झाली असती.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा अक्का माहेरी आली होती. आता तिचाही संसार आहे, तिचाही कोयता आहे; दोन दिवसांनी तिची टोळी निघायची होती. संध्याकाळी मी ओट्यावर पट मांडून तिला दिलारामचा मनसुबा दाखवला. सगळा पुन्हा पुन्हा खेळून दाखवला. ती लसूण सोलत बघत होती. मात झाल्यावर मी मोठ्या उत्साहाने तिच्याकडे पाहिले. तिने कडेला काढून ठेवलेल्या दोन हत्तींकडे, म्हणजे एका हत्तीकडे आणि एका बुचाकडे, बोट केले आणि विचारले, "मंग हे दोन माघारी कवा येतेत?"

मी म्हणालो, "ह्या डावात नाही येत, अक्का. पुढच्या डावात येतात."

"हां," ती म्हणाली, आणि लसणाची टरफले झटकून चुलीकडे गेली.

तिने हे टोचून विचारले नव्हते. तिला खरोखरच नियम माहीत नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा, मित्रहो आणि गुरुजनहो, माझे सांगणे थोडक्यात असे. कोड्यातले बलिदान सुंदर असते, ते जरूर पाहावे, सोडवावे, त्याला दाद द्यावी. पण घराघरांत जे घडते त्याला ते नाव देऊ नये. तिथे उत्तर छापलेले नसते आणि जो दिला जातो तो लाकडाचा नसतो. आमचा सत्कार करायचाच असेल तर आम्हाला एवढेच विचारा, 'तुझ्या घरात कोणाची शाळा सुटली? ती पुन्हा सुरू करता येईल का?' टाळ्यांपेक्षा या प्रश्नाचा उपयोग जास्त होईल. आपल्या वर्गात असे किती जण आहेत, हे एकदा मोजून पाहिले तर वार्षिकाला एक चांगला लेख मिळेल.

हे केवळ बोलायचे म्हणून मी बोलत नाही. अक्का निघाली त्या दिवशी सकाळी मी तिला सतरा नंबरच्या फॉर्मविषयी सांगितले. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसता येते, गणित तुझे पक्के आहे, बाकीचे मी सुट्टीत शिकवीन, असे म्हणालो. तिने लगेच हो म्हटले नाही. मुलगी लहान आहे, हंगाम आहे, नवऱ्याला विचारले पाहिजे, अशी सगळी कारणे तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेली. मग म्हणाली, "बघू. हंगाम सरू दे." आणि गाडीत चढता चढता वळून म्हणाली, "पुस्तकं जुनी घे. नवी महाग असतेत."

जुनी पुस्तके मी रविवारच्या बाजारातून आणली आहेत. फॉर्म कधी निघतो, याची चौकशी कार्यालयात करून ठेवली आहे. तिचा होकार येईल की नाही, मला माहीत नाही. पण यावेळी तिला विचारले आहे.